घाऊक विजेचा दर आणि दिवेआगरचे लाइटबिल

१. प्रश्न आणि त्याची कक्षा

श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगरला नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, सुवर्णगणेशाचे देऊळ आहे, लांबलचक किनारा आहे. वीजनिर्मिती मात्र नाही. गावात वापरले जाणारे जवळजवळ प्रत्येक युनिट महावितरणने कुठून तरी विकत घेतलेले असते. ही खरेदी महाग झाली की घरचे बिल वाढणार, हे कोणालाही सुचेल. पण किती वाढणार, कधी वाढणार, कोणाचे अधिक वाढणार आणि खरेदी स्वस्त झाली तर बिल त्याच चालीने उतरणार का, या चार प्रश्नांची उत्तरे तितकी सरळ नाहीत. प्रस्तुत विवेचन या चार प्रश्नांपुरते आहे. पर्यटकांना दिलेल्या खोल्यांचा वाणिज्यिक वापर आणि वाडीतल्या विहिरीवरचा कृषिपंप यांचे दर वेगळे असतात, म्हणून ते बाजूला ठेवले आहेत.

मुख्य प्रतिपादन असे : घाऊक दर घरगुती बिलात थेट उतरत नाही. आधी वीज खरेदी करार, मग नियामक आयोगाचा आदेश आणि शेवटी वापराचा टप्पा, अशा तीन अवस्थांतून तो जातो. प्रत्येक अवस्थेत त्याचा आकार बदलतो, वेळ बदलते आणि भार सोसणारा माणूसही बदलतो.

२. बिलातील पाच घटक

घरगुती बिलात पाच मुख्य रकमा असतात. स्थिर आकार दरमहा ठरलेला असतो. घर बंद असले तरी तो लागतो. वीज आकार युनिटवर आणि टप्प्यानुसार लागतो. वहन आकार हा तारा, खांब आणि रोहित्रे यांच्या जाळ्याचा मोबदला. इंधन समायोजन आकार हा मंजूर अंदाज आणि प्रत्यक्ष खरेदी यांतील फरकाचा. पाचवे वीज शुल्क. घरगुती ग्राहकाला ते आधीच्या आकारांच्या बेरजेवर १६ टक्के पडते आणि महावितरणकडे न राहता राज्याच्या तिजोरीत जाते.

यांपैकी घाऊक खरेदीचा संबंध मुख्यतः वीज आकार आणि इंधन समायोजन आकार यांच्याशी आहे. महावितरणच्या एकूण वार्षिक खर्चात वीज खरेदीचा वाटा ढोबळमानाने तीन-चतुर्थांश असतो, म्हणून या दोन ओळी सर्वांत जड. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर आणि मुरुडच्या पट्ट्यात वाड्या आडव्या केल्या आणि विजेचे खांब मोडले. तो खर्च जाळ्याच्या उभारणीचा होता. घाऊक दराशी त्याचा काही संबंध नव्हता. बिल वाढले की सगळा दोष कोळशावर टाकण्याआधी हा भेद पाहावा लागतो.

३. खरेदी कोठून होते

महावितरणची खरेदी तीन प्रकारची असते. पहिला आणि सर्वांत मोठा प्रकार दीर्घ मुदतीच्या करारांचा : महानिर्मितीची चंद्रपूर (२,९२० मेगावॉट), कोराडी, खापरखेडा, भुसावळ यांसारखी औष्णिक केंद्रे, केंद्र सरकारच्या प्रकल्पांतील वाटा, खासगी प्रकल्प आणि अलीकडे सौर व पवनऊर्जा. दुसरा प्रकार जलविद्युतचा. कोयनेची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट आहे. पण पश्चिमेकडे वळवून वीज करण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाण्याची मर्यादा आहे. म्हणून हे पाणी मुख्यतः मागणी चढलेल्या तासांसाठी राखून वापरावे लागते. तिसरा प्रकार अल्प मुदतीच्या बाजाराचा. २००८ पासून देशात वीज विनिमय केंद्रे चालू आहेत. तेथे उद्याच्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ खंड पाडून प्रत्येक खंडाचा दर बोलीने ठरतो.

प्रकल्प घराजवळ असला म्हणून वीज स्वस्त मिळत नाही. रायगड जिल्ह्यात खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही टाटांची जुनी जलविद्युत केंद्रे आहेत. तिन्ही मिळून क्षमता ४४७ मेगावॉट. त्यांची स्वस्त वीज करारानुसार मुंबईच्या वितरकांकडे जाते. उरणचे वायूवर चालणारे ६७२ मेगावॉटचे केंद्र महानिर्मितीचे, म्हणजे महावितरणच्या खरेदीतले. पण वायू किती आणि कोणत्या भावाने मिळतो यावर त्याचे चालणे अवलंबून. दुसऱ्या बाजूने, महावितरणचा घरगुती दर दिवेआगरला जो, तोच नागपूरला. दर ठरवताना नकाशाला अर्थ नाही. कोणत्या वितरकाच्या करारांच्या पोतडीत आपण आहोत, एवढेच महत्त्वाचे.

४. मेरिट ऑर्डर आणि सरासरी

कोणत्या क्षणी कोणती वीज घ्यायची हे राज्य भारप्रेषण केंद्र ठरवते. त्यासाठी औष्णिक संचांची त्यांच्या अस्थिर खर्चानुसार, म्हणजे प्रामुख्याने इंधनखर्चानुसार, चढती यादी करतात. यालाच मेरिट ऑर्डर म्हणतात. स्वस्त संच आधी चालतात आणि मागणी वाढेल तसे महाग संच जोडले जातात. उन्हाळ्यात संध्याकाळी दिवे, पंखे आणि वातानुकूलक एकदम सुरू होतात, तेव्हा शेवटचे युनिट सर्वांत महाग असते. विनिमय केंद्रातील दर या शेवटच्या युनिटचा दर असतो. घरगुती ग्राहक मात्र वर्षभराच्या सगळ्या खरेदीची सरासरी भरतो.

म्हणूनच विनिमय केंद्रातील भाव वर्तमानपत्रात वाचून बिलाचा अंदाज बांधता येत नाही. एक काल्पनिक हिशेब पाहू. एकूण खरेदीपैकी १० टक्के वीज बाजारातून घेतली आणि तिथला दर युनिटला ४ रुपयांवरून १० रुपयांवर गेला, तर एकूण सरासरी ६० पैशांनी वाढते. वाटेतली गळती १८ टक्के धरली तर घरी पोचलेल्या युनिटमागे ही वाढ ७३ पैसे होते. तीवर १६ टक्के शुल्क धरून ८५ पैसे. बाजारात दर अडीचपट झाला, पण ग्राहकापर्यंत आली ती ८५ पैशांची वाढ. करारांमुळे धक्का सौम्य होतो. गळती आणि शुल्क यांमुळे तो पुन्हा फुगतो.

५. करार : न घेतलेल्या विजेची किंमत

औष्णिक प्रकल्पाशी केलेल्या करारात दोन किमती असतात. अस्थिर आकार इंधनाचा. वीज घेतली तरच द्यायचा. क्षमता आकार प्रकल्पाच्या भांडवलाचा. प्रकल्प वीज द्यायला सज्ज असला की वीज घेवो न घेवो, द्यायचाच. घाऊक दर चढतो तेव्हा अस्थिर आकार चढतो. मागणी घटते तेव्हा इंधन वाचते, पण क्षमता आकार तसाच राहतो आणि कमी युनिटांवर वाटला जातो. बिल न उतरण्याचे पहिले कारण हे.

त्याचा सर्वांत कडू धडा कोकणच्याच किनाऱ्यावर मिळाला. डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीशी करार केला. १९९५ मध्ये तो रद्द झाला, फेरवाटाघाटी होऊन पुन्हा जिवंत झाला, आणि गुहागर तालुक्यातील प्रकल्पाचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. इंधन नाफ्था, म्हणजे खनिज तेलाच्या भावाशी बांधलेले. मोबदला डॉलरशी बांधलेला. तेल महागले आणि रुपया घसरला. महाग म्हणून मंडळ ही वीज कमी घेई, आणि कमी घेतल्याने क्षमता आकाराचा भार प्रत्येक युनिटवर आणखी चढे. काही महिन्यांत दर युनिटला ७ रुपयांच्या पुढे गेला. २००१ च्या मे महिन्यात मंडळाने करार संपवला आणि प्रकल्प थांबला. इंधन, चलन आणि मागणी या तिन्ही जोखमी एकाच करारात खरेदीदाराच्या गळ्यात बांधल्या की काय होते, हे दाभोळने दाखवले.

मुंद्रा प्रकल्पात उलटा प्रयोग झाला. गुजरातेतील हा ४,००० मेगावॉटचा प्रकल्प टाटांनी स्पर्धात्मक बोलीत युनिटला सरासरी २.२६ रुपयांच्या दराने जिंकला. महाराष्ट्र त्याच्या पाच खरेदीदार राज्यांपैकी एक. आयात कोळशाची जोखीम येथे उत्पादकाने उचलली होती. पुढे इंडोनेशियाने कोळसा निर्यातीचे दर-नियम बदलले आणि उत्पादकांनी भरपाई मागितली. ११ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परदेशातील भाववाढ ही सबब अमान्य केली. मात्र देशी कोळसा ठरल्याप्रमाणे न मिळणे हा ‘कायद्यातील बदल’ मानून त्याची भरपाई मान्य केली. गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा (३,३०० मेगावॉट) प्रकल्पाची महावितरणविरुद्धची मागणी या दुसऱ्या प्रकारातली होती. अशी भरपाई वर्षांनुवर्षांच्या थकबाकीसह येते. तेव्हा ज्या वर्षी कोळसा कमी पडला ते वर्ष एक आणि ज्या वर्षी ग्राहक पैसे भरतो ते दुसरेच.

मे २०२२ मध्ये देशात कोळशाची टंचाई असताना केंद्राने विद्युत कायद्याचे कलम ११ वापरून आयात कोळशाचे प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालवायला लावले आणि वाढीव इंधनखर्च खरेदीदारांवर टाकण्यास मुभा दिली. बोलीत उत्पादकाने उचललेली जोखीम संकटकाळी ग्राहकाकडे परत आली. दोन्ही प्रयोगांचा निष्कर्ष एकच : करारात काहीही लिहिलेले असो, टोकाच्या परिस्थितीत घाऊक दराचा अंतिम भार घरगुती मीटरवरच येतो.

६. आयोग : अंदाज, फरक आणि विलंब

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ पासून आहे. विद्युत कायदा २००३ नुसार दर तोच ठरवतो. काही वर्षांच्या खर्चाचा अंदाज घेऊन बहुवार्षिक आदेश निघतो. कलम ६२ नुसार एका आर्थिक वर्षात दर एकदाच बदलावा असा सामान्य नियम आहे. अपवाद इंधन अधिभाराच्या सूत्राचा. या अपवादातून इंधन समायोजन आकार जन्मतो. आयोगाच्या नियमांत त्याला मर्यादा होती : एका महिन्यात दराच्या अस्थिर घटकाच्या २० टक्क्यांहून अधिक वसुली नाही, उरलेले पुढच्या महिन्यांत. डिसेंबर २०२२ च्या केंद्रीय नियमांनी मात्र अशी वसुली दरमहा आपोआप व्हावी अशी दिशा दिली. म्हणजे अवस्था तीच, पण विलंब कमी.

या यंत्रणेची परीक्षा २०२२ च्या उन्हाळ्यात झाली. मार्च २०२० च्या आदेशाने या आकाराचे चढउतार सोसण्यासाठी १,५०० कोटींचा निधी राखला होता, म्हणून सुमारे दोन वर्षे ग्राहकाला हा आकार जाणवला नाही. मग निधी संपला, युक्रेन युद्धानंतर आयात कोळसा भडकला आणि एप्रिलमध्ये विनिमय केंद्रातील सरासरी दर युनिटला १० रुपयांच्या आसपास गेला. केंद्रीय आयोगाला कमाल दर २० रुपयांवरून १२ वर आणावा लागला. पुढच्या वर्षी तो १० झाला. मार्च ते मे या महिन्यांतला जादा खर्च जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांच्या बिलांतून वसूल करायचे ठरले. घरगुती दर असा : पहिल्या १०० युनिटांवर ६५ पैसे, १०१ ते ३०० वर १.४५ रुपये, ३०१ ते ५०० वर २.०५ रुपये, त्यापुढे २.३५ रुपये.

त्या वर्षी पहिल्या टप्प्याचा वीज आकार ३.३६ आणि दुसऱ्याचा ७.३४ रुपये होता. म्हणजे हा अधिभार २० टक्क्यांच्या मर्यादेला जवळजवळ भिडलेला होता. ३१ मार्च २०२३ च्या आदेशात पहिला टप्पा ४.४१ आणि दुसरा ९.६४ रुपये झाला. वहन आकार त्याच वेळी १.३५ वरून १.१७ रुपयांवर आला. वीज, वहन आणि अधिभार धरून पहिल्या टप्प्याला आधी ५.३६ रुपये पडत होते. नव्या आदेशात अधिभाराविना ५.५८ पडू लागले. दुसऱ्या टप्प्यात १०.१४ चे १०.८१ झाले. सगळी वाढ इंधनाची नव्हती, मागील वर्षांची थकीत वसुलीही तीत होती. परिणाम मात्र स्पष्ट आहे : संकटकाळात ‘समायोजन’ म्हणून आलेली पातळी वर्षभरात मूळ दर बनली. बिल न उतरण्याचे दुसरे कारण हे.

७. टप्पा : दिवेआगरच्या ऋतूंशी गाठ

तिसरी अवस्था सर्वांत कमी चर्चिली जाते, आणि किनाऱ्यावरच्या गावांना ती अधिक झोंबते. टप्पे महिन्याच्या वापरावर मोजले जातात, आणि दिवेआगरसारख्या गावातला वापर महिन्यागणिक सारखा नसतो. कितीतरी घरांत एरवी वडीलधारी दोन माणसे असतात. मे महिन्यात मुले-नातवंडे येतात, भाद्रपदात चाकरमानी गणपतीला येतात. फ्रीज, पंखे, मिक्सर, पाण्याचा पंप दिवसभर चालतात आणि त्या दोन महिन्यांत वापर तिप्पट-चौपट होतो.

२०२४-२५ चे दर घेऊन हिशेब करू : स्थिर आकार १२८ रुपये, पहिल्या १०० युनिटांना ४.७१, पुढच्या २०० ना १०.२९, वहन १.१७, शुल्क १६ टक्के. महिन्याला ८० युनिटांचे बिल सुमारे ६९४ रुपये होते आणि २५० युनिटांचे सुमारे २,८२५. युनिटे तिपटीहून थोडी अधिक, बिल चौपट.

आता वर्षाला १,०८० युनिटे वापरणारी दोन घरे घ्या. पहिल्यात दरमहा ९० युनिटे. वर्षाचे बिल सुमारे ९,१५० रुपये. दुसऱ्यात दहा महिने दरमहा ५० आणि मे व गणपतीचा महिना अशा दोन महिन्यांत प्रत्येकी २९० युनिटे. वर्षाचे बिल सुमारे ११,६१० रुपये. एकूण वापर तोच आणि घाऊक दरही तोच असताना २,४६० रुपयांचा फरक केवळ वापर दोन महिन्यांत एकवटल्यामुळे पडला.

यात इंधन समायोजन आकार मिसळला की चित्र आणखी तिरपे होते. २०२२ ची गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती, म्हणजे वसुलीच्या ऐन काळात. गणपतीत २९० युनिटे जाळणाऱ्या घराला त्या एका महिन्यात या आकारापोटी शुल्कासह सुमारे ३९५ रुपये पडले असते. ५० युनिटे वापरणाऱ्या शेजाऱ्याला सुमारे ३८. पहिल्या घराने मार्च ते मेमध्ये महाग वीज वापरलीच नसेल, तरीही त्याने भरले. ज्याने एप्रिलभर वातानुकूलक चालवला आणि पावसाळ्यात बंद ठेवला, तो तुलनेने सुटला. वापरणारा आणि भरणारा यांची अशी फारकत होणे हा विलंबित वसुलीचा मूलभूत दोष आहे.

टप्प्यांची बाजूही सांगितली पाहिजे. पहिल्या १०० युनिटांचा दर सरासरी पुरवठा खर्चाच्या खाली ठेवलेला असतो आणि तूट वरच्या टप्प्यांतून व अन्य ग्राहकांकडून भरून काढली जाते. कमी वापरणाऱ्या गरीब घराला घाऊक बाजाराच्या झळांपासून वाचवणारी ही रचना आहे आणि ती टिकली पाहिजे. पण ती ‘कमी वापर म्हणजे गरिबी’ असे गृहीत धरते. शहरात घर असलेल्या माणसाचे वर्षभर कुलूपबंद असलेले घर खालच्या टप्प्यात मोडते, आणि एकत्र राहणारे सहा-सात माणसांचे कष्टकरी कुटुंब वरच्या टप्प्यात. दरडोई वापर त्यांचाच कमी असला तरी.

८. उतरता दर कोणाच्या पदरात?

गेल्या काही वर्षांत घाऊक बाजाराचे रूप पालटते आहे. सौरऊर्जा वाढल्याने दुपारचे दर पडतात. मे २०२५ मध्ये काही दुपारी ते शून्याजवळ आले होते. संध्याकाळी सूर्य मावळला की दर पुन्हा चढतात. राज्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत युनिटला सुमारे ३ रुपयांच्या दराने करार झाले आहेत आणि कृषिपंपांचा भार दिवसा सौरविजेवर नेणे हा तिचा हेतू आहे. सप्टेंबर २०२५ पासून कोळशावरचा टनामागे ४०० रुपयांचा भरपाई उपकर गेला. जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला तरी स्वस्त प्रतीच्या देशी कोळशावरचा करभार घटला.

हे सगळे दिवेआगरपर्यंत पोचेल का? पहिल्या अवस्थेत जुन्या प्रकल्पांचा क्षमता आकार आडवा येतो : दुपारी औष्णिक संच मंद केले तरी त्यांचे भांडवली देणे चालूच. दुसऱ्या अवस्थेत मागील थकबाकी बचत गिळते. तिसऱ्या अवस्थेत घरगुती ग्राहकाला बचत केवळ वेळेनुसार दर असला तरच दिसते. त्या दिशेने १ जुलै २०२५ पासून वेळ मोजणारा मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतील विजेवर युनिटला ८० पैसे सूट जाहीर झाली. पाण्याचा पंप, धुलाई यंत्र, इस्त्री ही कामे दुपारी हलवता येतात. गणपतीतली रात्रीची आरास आणि भजने हलवता येत नाहीत.

छतावरचे सौरपॅनेल हा या तिन्ही अवस्थांना वळसा घालणारा मार्ग आहे. फेब्रुवारी २०२४ च्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,०००, २ ला ६०,००० आणि ३ किंवा अधिक किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. मात्र ज्याचा वापर १०० युनिटांच्या आत आहे, त्याची वाचणारी वीज स्वस्त टप्प्यातली असते. त्याची गुंतवणूक फिटायला वेळ लागतो. वरच्या टप्प्यातल्या घराची ती लवकर फिटते. शिवाय किनाऱ्यावर खारी हवा आणि निसर्गसारखी वादळे धरून सांगाडा व जोडणी मजबूत करावी लागते आणि तो खर्च हिशेबात घ्यावा लागतो.

९. निष्कर्ष

आरंभीच्या चार प्रश्नांची उत्तरे आता देता येतात. किती? बाजारातील उसळीपेक्षा बरेच कमी, पण गळती व शुल्कामुळे निव्वळ सरासरी वाढीपेक्षा अधिक. कधी? काही महिन्यांनी; भरपाईच्या बाबतीत काही वर्षांनी. कोणाचे? ज्याचा वापर वसुलीच्या महिन्यांत वरच्या टप्प्यात गेला त्याचे, मग महाग वीज त्याने वापरली असो वा नसो. आणि उतरण्याची चाल? चढण्यापेक्षा मंद, कारण चढण्यासाठी सूत्र तयार आहे आणि उतरण्याच्या वाटेत क्षमता आकार व थकबाकी उभी आहे.

यावरून तीन सुधारणा सुचतात. इंधन समायोजन आकार ज्या महिन्याच्या खरेदीचा असेल, शक्यतो त्या महिन्याच्या वापरावर लावावा. निदान बिलावर तो महिना छापावा. घरगुती टप्पे महिन्याऐवजी वर्षाच्या वापरावर मोजण्याचा पर्याय द्यावा. सणासुदीला भरणाऱ्या कोकणातल्या घरांवरचा अन्याय त्याने दूर होईल. आणि नवे दीर्घ करार करताना क्षमता आकाराचा पुढील पंचवीस वर्षांचा भार जनतेसमोर आधी मांडावा.

विद्युत कायद्याच्या कलम ६४ नुसार दरप्रस्तावावर कोणीही ग्राहक सूचना व हरकती देऊ शकतो आणि आयोगाला त्या विचारात घेऊनच आदेश काढावा लागतो. या सुनावण्यांत उद्योगांचे प्रतिनिधी आकडे घेऊन बोलतात. किनाऱ्यावरच्या गावांचा आवाज क्वचितच उमटतो. दिवेआगरच्या ग्रामसभेने गावातल्या काही बिलांचे बारा महिन्यांचे आकडे जमवून वार्षिक टप्प्यांची मागणी लेखी हरकतीतून नोंदवावी. त्याला वकील लागत नाही, जुनी बिले लागतात. ती रद्दीत घालू नका.